लाल शेपटी

मला पिन्या म्हणतात. जुनी मशीनं विकणाऱ्या यार्डात वायरी आणि सेन्सर बघणं हे माझं काम, त्यामुळे दिवसभर कनेक्टरच्या पिना मोजतो. पण नाव पडलं ते त्यावरून नाही. माणसांना पिना मारतो म्हणून पडलं. यार्डात कुणाच्या बुटात ग्रीस सापडलं की आधी माझ्याकडे बघतात, मग बुटाकडे.

फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

"काका, यार्डातून तुमचा नंबर मिळाला. महिन्याभरापूर्वी तिथून जुना एक्स्कॅव्हेटर घेतला. बादली उचलली की भोंगा वाजतो, आणि मशीन पुढं-मागं घेतलं की एकदम गप्प."

घास तोंडातच राहिला. हा बिघाड जगात एकाच मशीनला होता, आणि तो मी केला होता.

झालं होतं असं. यार्डातला टेस्ट करणारा जाड्या केबिनमध्ये बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. मशीनला दोन छोटे प्रेशर सेन्सर असतात, शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखे. एक सांगतो मशीन जागेवरून चाललंय, मग आसपासच्यांना सावध करायला भोंगा वाजतो; दुसरा सांगतो बादली हलतेय, तेव्हा भोंगा नको. दोघांचे प्लग हुबेहूब. मी अदलाबदल केली. जाड्या बादली उचलणार, भोंगा बोंबलणार, जाड्या सीटवरून उडणार. आणि माझी सही म्हणून प्लगांवर लाल केबल टाय, वायरी आवळायची प्लास्टिकची पट्टी, बांधला, टोक न कापता. माझ्या प्रत्येक खोडीला अशी लाल शेपटी असते. यार्डात सगळ्यांना माहीत आहे.

जाड्या त्या दिवशी आलाच नाही. मशीन दुपारीच विकलं गेलं.

विसरलो असं म्हणालो असतो तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी चांगलं आठवलं होतं. म्हटलं, जाऊ दे, नवीन मालक हसेल आणि फोन करेल.

गेलो. उघडं मैदान, कडेला पत्र्याची खोली, मध्ये मशीन. मशीनवर धूळ बसलेली. खोलीच्या दारात खुर्चीवर एक बाई, पाय स्टुलावर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. शेजारी तिचा भाऊ उभा, खांदे पाडून.

"पायाला काय झालं, ताई?" मी विचारलं.

"मशीननं शेकहँड केला," ती म्हणाली. "पायाशी."

भाऊ हसला नाही. "चिमे, गप."

मग कळलं. मशीन दोघांनी मिळून घेतलेलं. तो चालवायचा, ती खाली उभी राहून इशारे करायची. सुरुवातीपासून बादली उचलली की भोंगा. यार्डात विचारलं तर उत्तर मिळालं, जुनं मशीन आहे, चालायचंच. दोन दिवसांत कानाला सवय झाली. वाजतंय म्हणजे खोदतंय, गप्प आहे म्हणजे उभं आहे. तिसऱ्या दिवशी ती मशीनच्या मागच्या बाजूला वाकून खुंटी ठोकत होती. इंजिन चालू होतं, पण भोंगा गप्प होता, म्हणून तिनं मान वर केली नाही. आणि मशीन गप्पच मागे आलं.

"मी ओरडलेलं यानं ऐकलं, म्हणून पायावरच निभावलं," ती म्हणाली. "नाहीतर सगळीच सपाट झाले असते."

"माझंच चुकलं," भाऊ म्हणाला. "मागे बघायला हवं होतं."

"तीन आठवडे हेच चाललंय, काका. केबिनमध्ये चढत नाही. पुढच्या सोमवारी काम सुरू करायचंय, आणि हा मशीन विकू म्हणतो."

मला तिथंच तोंड उघडायला हवं होतं. मी लॅपटॉप उघडला.

दोन मिनिटांचं काम, मी पाऊण तास लावला. नाटक कंपनीत शोभलो असतो. मशीनला केबल जोडली, फॉल्ट कोड बघितले. एकही नव्हता, असणार कुठून, दोन्ही सेन्सर ठणठणीत. मल्टीमीटरनं पाच व्होल्ट मोजले, मान हलवली, पुन्हा मोजले. मग केबिनमध्ये बसून बादलीचा लिव्हर ओढला. भोंगा बोंबलला. स्क्रीनवर चालण्याचं प्रेशर चढलं, बादलीचं शून्य. भाऊ खालून बघत होता, डॉक्टरकडे बघतात तसं.

बाजूचं झाकण उघडलं. लाल शेपटी तिथंच होती, धुळीनं मळलेली, पण लालच. कापली, खिशात टाकली, प्लग अदलाबदल केले. मशीन जरासं पुढं घेतलं. भोंगा वाजला. बादली उचलली. गप्प.

"झालं," मी खाली उतरून म्हणालो. "वायर घासली होती. जुन्या मशीनला होतं असं."

"घासल्यावर असं उलटं वाजतं?" तिनं विचारलं.

"कधी कधी."

भावानं मान हलवली. "वायर घासली असली, तरी मागे मीच बघायला हवं होतं. चिमे, विकूयाच."

आयुष्यभर खोड्या केल्या, पकडला गेल्यावर मोठ्यानं हसलो. इथं कुणी पकडलंच नव्हतं. हा माणूस माझी शिक्षा स्वतःच भोगत होता, आणि मी हत्यारं पेटीत भरत होतो.

खिशातून शेपटी काढली आणि तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"माझी सही." मग सगळं सांगितलं. जाड्या, जुळे प्लग, दुपारी विकलं जाणं. दोन दिवसांनी आठवलं होतं, तेही. ते सांगताना बुटांकडे बघत होतो.

तिनं शेपटी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "तुमच्या यार्डात यावर हसतात?"

"हसतात."

"जाड्या हसला असता?"

"शिव्या दिल्या असत्या. मग हसला असता."

"मला शिव्या येतात," ती म्हणाली, "पण दादासमोर देत नाही." शेपटी बोटाला गुंडाळत ती भावाला म्हणाली, "ऐकलंस ना? तू नाही केलंस. आता चढ वर."

"चिमे, माझ्यानं नाही होणार. मागे कुणी असलं तर?"

"असणार आहे. काका उभे राहतील, मी होते तिथं. मशीनकडे पाठ करून. काका, ती खुंटी अजून तिथंच आहे, ठोका."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणेन असं त्याला वाटलं असावं. मी हातोडी उचलली, मैदानात गेलो, मशीनकडे पाठ केली आणि खुंटीजवळ वाकलो.

मागे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग लोखंडी पायरीवर बूट वाजला. दुसरा वाजला. केबिनचं दार लागलं, इंजिन सुरू झालं. पळावंसं वाटलं, पण खुंटीवर घाव घालत राहिलो.

भोंगा वाजला. टी, टी, टी. जवळ येत गेला आणि मशीन थांबल्यावर थांबला.

"काका, सरका बाजूला," भाऊ वरून ओरडला. "मला खोदायचंय."