अतीशय सोप्पं
छापखान्यातल्या प्रूफरीडर बाईंना मालकांनी सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी तपासणीचं काम संगणकावर जाणार. थोडं प्रोग्रामिंग येणारं माणूस लागेल." बाई म्हणाल्या, "मी शिकते." म्हणाल्या खरं, पण शिकायचं कुठून?

नेटवर शोधलं तर जो तो छातीठोकपणे सांगत होता, आमच्याकडेच या. बाईंना एकाचाही भरवसा वाटेना. तेवढ्यात धाकट्या नणंदेचा, चिमीचा फोन आला. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. वहिनी प्रोग्रामिंगचा कोर्स शोधतायत हे तिच्या कानावर गेलं होतं.

"वहिनी, मी करते तोच कोर्स घ्या. डोळे झाकून!"

डोळे झाकून बाईंनी आजवर काहीच केलं नव्हतं. त्यांनी त्या कोर्सखालचे अभिप्राय उघडले. सगळ्यांनी पाच तारे दिलेले. एक गृहिणी, एक निवृत्त शिक्षक, एक ड्रायव्हर. तिघांनीही लिहिलं होतं, 'अतीशय सोप्पं'. 'ती' दीर्घ, 'प' जोडून. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. असं लिहिणारं एक माणूस त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी फोनमधला चिमीचा जुना मेसेज काढला: 'वहिनी, भाजी अतीशय छान झालेली.'

रविवारी चिमी आली. बाईंनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "तो निवृत्त शिक्षक तूच ना गं?"

चिमीने कप खाली ठेवला. "दादाला सांगू नका. दहा चांगले अभिप्राय टाकल्याशिवाय सर्टिफिकेट देत नाहीत ते."

"आणि शिकलीस काय?"

"काही नाही. व्हिडिओत तो नुसता बोलतो, मी मान डोलावते. वाटलं, तुम्ही आलात तर तुम्हाला समजेल, मग मला शिकवाल."

बाईंना राग आला, पण हसूही आलं. संगणक पुढ्यात ओढून दोघी पुन्हा शोधायला बसल्या. एका साध्याशा पानावर कुणा मास्तरांचे फुकट धडे होते, रंग ना रूप. फुकट म्हटल्यावर बाई आणखीच बिचकल्या. पण धड्यांखाली लोक कुरकुरत होते. 'तिसरं उदाहरण चालत नाही.' त्याला मास्तरांचं उत्तर: 'माझीच चूक, दुरुस्त केलं.' प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वतः सोडवायचं गणितही होतं.

"इथे कुणी कुणाची खोटी तारीफ करत नाहीये," बाई म्हणाल्या. "बसू या."

पहिलं गणित सुटेपर्यंत चहाचं पार पाणी झालं. सुटलं तेव्हा चिमी आनंदाने खुर्चीतून उठलीच.

घरी जाऊन तिने जुने अभिप्राय बदलून खरं काय ते लिहिलं. सकाळी पाहते तर सगळे गायब.

काही महिन्यांनी बाईंनी पानांत दोन शब्दांमध्ये चुकून दोनदा सुटलेल्या मोकळ्या जागा शोधणारा छोटासा प्रोग्राम मालकांना दाखवला. मालक खूश. "आता डोळ्यांना आराम!"

"बघू," बाई म्हणाल्या, आणि तीच पानं पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायला बसल्या.