दीड किलोमीटर पाणी

"ही अंजली सोनवणे म्हंजे तूच का?"

कचरूनं कागद डोळ्यांपासून लांब धरला होता आणि बोट एका ओळीखाली ठेवलं होतं. अंजलीनं अजून पायातली चप्पलही काढली नव्हती. रविवारची सुट्टी धरून ती बारामतीहून पळसदेवला आईवडिलांकडे आली होती, आणि शर्यतीचं आज तरी सांगून टाकायचं असं ठरवूनच आली होती. पण कागद तिच्याआधी घरी पोचला होता. शर्यतीत पोहणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ज्या होड्या लावायच्या होत्या, त्यांतली एक गेणबाची होती. होडीवाल्यांना नावांची यादी मिळाली होती आणि गेणबानं ती वाचून घ्यायला आपल्या जुन्या मित्राकडे आणून दिली होती.

"व्हय आबा," ती म्हणाली.

कचरूनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो उठून मागच्या दाराकडे गेला. अंजलीच्या आईनं, ताईबाईनं, ठेवलेलं चहाचं आधण उकळत राहिलं. त्या घरात पाण्याबद्दल कुणी बोलत नसे. उजनीचं पाणी दारापासून चारशे पावलांवर होतं, तरी बोलत नसे.

बत्तीस वर्षांपूर्वी कचरू त्याच पाण्यावर मासेमारी करायचा. धरणात जमीन गेल्यावर त्यानं गेणबाच्या वडिलांबरोबर जाळं टाकायला सुरुवात केली आणि चार-दोन वर्षांतच पट्टीचा पोहणारा म्हणून त्याचं नाव झालं. गावातल्या कितीतरी पोरांना त्यानं पोहायला शिकवलं. स्वतःच्या दोन मुलींना मात्र शिकवलं नाही. मुलींना कशाला, असं तेव्हा सगळेच म्हणत. थोरली कुसुम अकरा वर्षांची होती. धुण्याच्या घाटावर कपडे धुताना आईचं पातळ हातातून सुटलं आणि वाऱ्यानं आत आत सरकायला लागलं. ते धरायला ती पाण्यात उतरली. कचरू पलीकडच्या अंगाला होडीत होता. त्याला पाण्यावर पसरलेलं पातळ दिसलं. लेक दिसली नाही.

त्यानंतर त्यानं होडी गेणबाला देऊन टाकली आणि इंदापूरला एका कॉलेजात पहारेकऱ्याची नोकरी धरली. धाकट्या, सात वर्षांच्या अंजलीला त्यानं काठावरसुद्धा फिरकू दिलं नाही. ती शिकली, नर्स झाली, लासुर्ण्याच्या समाधानशी लग्न होऊन बारामतीत राहायला गेली.

पाण्यात ती उतरली ती पाठदुखीमुळे. पेशंटना उचलून, कुशीवर वळवून तिची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. पहिला महिना ती पोहण्याच्या तलावात चार फूट पाण्यात कठडा धरून नुसती उभी राहिली. वर्षानं ती न थांबता चाळीस फेऱ्या मारू लागली. ड्यूटीला जायला सायकल आधीपासून होतीच. तलावावरच्या मैत्रिणींनी पहाटे पळायला नेलं, आणि त्यांच्यातल्याच एकीनं ट्रायथलॉनचं डोक्यात भरवलं. आधी दीड किलोमीटर पोहायचं, लगेच चाळीस किलोमीटर सायकल आणि त्यावर दहा किलोमीटर धावायचं. अंजलीला आधी ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. पण नऊ-नऊ तासांची ड्यूटी करून घरी आलेलं तिचं अंग सकाळी सायकलवर बसलं की मोकळं व्हायचं, आणि तो एक तास कुणाचाच नसायचा. ना वॉर्डचा, ना घराचा.

पहिली शर्यत लहान होती, पोहणं तलावातच होतं. बायकांत ती शेवटून दुसरी आली आणि तरी दिवसभर हसत होती. दुसरी एका मोठ्या तळ्यात होती. काठापासून दोनशे मीटर गेल्यावर तिनं पाण्यात डोळे उघडले तर खाली तलावातल्यासारखी फरशी नव्हती, निळी रेघ नव्हती, काहीच नव्हतं. हिरवा काळोख होता. कुसुमला शेवटी हेच दिसलं असेल, असं तिच्या मनात आलं. हात वर करून तिनं होडी बोलावली. पाणी फार गार होतं, असं तिनं समाधानला सांगितलं. खरं कारण आठ दिवसांनी सांगितलं. तो म्हणाला, मग सोडून दे ना, कुणी सक्ती केलीय का? तेव्हा तिनं त्याच्यापुढे या शर्यतीचा अर्ज ठेवला. शर्यत पळसदेवला, उजनीच्या पाण्यात होती. तिथं नाही जमलं तर सोडून देईन, एवढंच ती म्हणाली.

चहाचे कप तसेच ठेवून अंजली मागच्या दारी गेली. कचरू दगडावर बसला होता. तो रागावेल, नाही म्हणेल, असं तिला वाटत होतं. त्यानं विचारलं, किती लांब पोहायचंय, कुठून कुठं, किती वाजता. तिनं सांगितलं. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"ऊन वर आलं की वारं सुटतं तितं," शेवटी तो म्हणाला. "डाव्या अंगानं लाट यील. श्वास उजवीकडं घेत जा."

अंजली नेहमी डावीकडून श्वास घ्यायची. पुढचे तीन आठवडे ती बारामतीच्या तलावात उजवीकडे मान वळवायला शिकत होती.

जानेवारीतला रविवार उजाडला. काठावर ब्याऐंशी जण आले होते, त्यांत बायका नऊ. थंडीनं सगळ्यांचे दात वाजत होते. समाधान तिची सायकल नीट लावून आला आणि इकडेतिकडे बघू लागला. आबा कुठंच दिसले नाहीत.

शिट्टी वाजली. पहिले काही मीटर हातपाय एकमेकांना लागत होते, मग गर्दी पांगली. अंजली मोजून हात मारत होती. पिवळा तरंगता फुगा आला की वळायचं, एवढंच तिनं डोक्यात ठेवलं होतं. फुग्यापाशी ती पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि कचरू म्हणाला होता तसं वारं सुटलं. लाट डावीकडून आली. तोंड चुकून तिकडेच वळलं आणि नाकातोंडात पाणी गेलं. ती खोकली, तिनं खाली पाहिलं. तोच हिरवा काळोख. ती उताणी झाली आणि तिचा हात आपोआप वर गेला.

होडी लगेच आली. वल्ह्यावर गेणबा होता. पुढच्या टोकाला, कानटोपी घालून, पांढऱ्या शर्टावर घट्ट होणारं नारिंगी जॅकेट चढवून कचरू बसला होता. सात वर्षांची असल्यापासून अंजलीनं बापाला होडीत पाहिलं नव्हतं.

होडीला धरून दम खाल्ला तर चालतं, होडीनं पुढे ओढायचं नाही, असा नियम होता. तिनं होडीचा काठ धरला. गेणबानं वल्हं ठेवलं आणि तिला वर घ्यायला तिच्या दंडाकडे हात नेला. कचरूनं तो मधेच अडवला. मग त्यानं आपला हात तिच्या बोटांवर ठेवला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, बोटांकडे बघत होता. होडी लाटेवर वरखाली होत राहिली.

"कुसुमला शिकवाय पायजे हुतं," तो म्हणाला. "ऱ्हायलं माझ्याकडनं."

बत्तीस वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं.

"तुला येतंय," कचरू म्हणाला. त्यानं तिच्या बोटांवरचा हात उचलला. "सोड. मी बाजूनं हाय."

अंजलीनं काठ सोडला. तोंड पाण्यात घातलं. खाली काळोख होताच, तो कुठं जाणार होता? पण आता मान उजवीकडे वळली की होडी दिसायची आणि नारिंगी रंग दिसायचा. दर दुसऱ्या हाताला दिसायचा. मध्येच होडी थोडी मागे पडली, आणि तिच्या लक्षात आलं की गेले कितीतरी हात तिनं तिकडे पाहिलंच नाही.

ती काठाला लागली तेव्हा पोहण्याची वेळ संपायला दोन मिनिटं उरली होती. समाधाननं टॉवेल पुढे केला, तो न घेताच ती सायकलकडे धावली.

सायकलचा रस्ता आतल्या गावांतून जात होता. कारखान्याचा हंगाम होता. रस्त्यावर उसाचं पाचट पडलं होतं, चाक घसरायचं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टरवाला तिला बघून कडेला थांबला, टेपचा आवाज कमी केला आणि ती पुढे जाईपर्यंत तसाच थांबून राहिला. धावायला लागली तेव्हा ऊन तापलं होतं. सहाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला ताईबाई कळशी घेऊन उभी होती. पाण्याच्या काठाला यायचं तिच्यानं झालं नव्हतं; ती इथवर आली होती. गुळाचं पाणी ती येईल त्या प्रत्येकाला देत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, आमची अंजली मागं हाय का? अंजली आली तेव्हा तिनं पेला पुढे केला, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि पळ म्हणाली.

शेवटून तिसरी, चार तास एकवीस मिनिटं. गळ्यात पदक पडलं. समाधाननं फोटो काढला, तो हलला. तिनं आबांचं विचारलं. शेवटचा माणूस पाण्याबाहेर आला तसे ते होडीतून उतरले, इतका वेळ काठावरच बसले होते आणि ती आलेली बघून आत्ताच धुण्याच्या घाटाकडे गेले, असं तो म्हणाला.

अंजली एकटीच काठाकाठानं निघाली. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, तिला हळूच चालावं लागत होतं. घाटावर कुणी नव्हतं. एका सपाट दगडावर कानटोपी, नारिंगी जॅकेट आणि पांढरा शर्ट घडी करून ठेवला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून घडीवर चप्पल ठेवली होती.

काठापासून वीसेक हात आत एक पांढरं डोकं दिसत होतं. कचरू पोहत होता. मान वर ठेवून, लांब लांब हात टाकत, खळखळ न करता. तो काठाकडेच येत होता, पण त्याला घाई नव्हती. चाळिशीला टेकलेल्या अंजलीनं बापाला पोहताना कळत्या वयात पहिल्यांदाच पाहिलं.

बूट काढून ती शर्टाशेजारी बसली आणि सुजलेले पाय पाण्यात सोडले.