चौक झाडणारे सरदार

खण्णकन झाकण फरशीवर पडलं, गरगरलं, आणि मिनलची चोरून मिळवलेली दुपार संपली. सहा वर्षांची अंजली जागी झाली. सासूबाई, सरूबाई, चिवड्याचा डबा पोटाशी धरून अपराध्यासारख्या उभ्या राहिल्या.

राज्य चालवायच्या एका मोबाइल गेमसाठी मिनल प्रसंग लिहून देत होती. दोन पसंत पडले होते. तिसरा पाचच्या आत जमला, तर घरबसल्या कायमचं काम. प्रसंग असा, की उत्सवाच्या मिरवणुकीत पुढे कोण चालणार यावरून सरदार आणि नगरशेठ भांडतात. निवाडा राजाने, म्हणजे खेळणाऱ्याने करायचा. कंपनीतल्या निरंजनने तो दोनदा परत पाठवला होता. एकाची बाजू घेतली की दुसरा रुसतो, यात खेळणाऱ्याला गंमत काय, असं त्याचं म्हणणं.

मिनलने ही अडचण सांगितली, तशा सरूबाई फसकन हसल्या. "एवढंच व्हय? अगं, आमच्या जयंतीच्या कमिटीत दर साली हेच. फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा!"

एका वर्षी दोन पुढारी हमरीतुमरीवर आले, तेव्हा तोड सरूबाईंनीच काढली होती. पहाटे येऊन जो चौक झाडेल, त्याचा फोटो मोठा. दोघंही हजर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. एकाने तर बायकोचा घरातला फुलझाडूच उचलून आणलेला. आधी थांबायला मात्र कुणीच तयार नाही.

"झाडत झाडत पार पिंपरी स्टेशनापतूर गेले, बया. शेवटी मीच च्या पाजून थांबवलं. मग दोगांचे फोटो सारखेच."

मिनलने अंजलीला मांडीवर घेतलं. तिच्या केसांना अजून झोपेचा वास होता. एका हाताने थोपटत दुसऱ्याने तिने तिसरा पर्याय लिहिला: बाजारपेठ झाडेल, तो पुढे चालेल. परिणाम: नगर लख्ख झालं, दोघांचा तोरा उतरला, प्रजा पोट धरून हसली.

पावणेपाचला निरंजनचा फोन आला. आधी बराच वेळ नुसतं हसूच ऐकू आलं. मग म्हणाला, सोमवारपासून काम सुरू करा.

मिनलने सासूबाईंना अशी मिठी मारली की निम्मा चिवडा सांडला. अंजलीने तो प्रसंग पुन्हा पुन्हा वाचायला लावला. सरदाराने झाडू उचलला तिथे ती खिदळली, तिसऱ्या खेपेला मात्र तिने विचारलं,

"आई, चौक रोज झाडतात त्या मावशींचा फोटो कुठे लावला?"