दोन रिकाम्या ओळी

मित्रांनो, आधी हात पुसा, मग जवळ या. मी एक जुनी नोंदवही आहे आणि ओल्या हातांचं माझं जन्माचं वैर आहे. माझ्या कडेला जे तपकिरी डाग दिसतात ना, ते नदीच्या पाण्याचे आहेत. एक डाग चहाचा आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

एका बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवलं, पाठीला लाल कापड लावलं आणि दिवसभर वजनाखाली दाबून ठेवलं. चारशे पानं, प्रत्येक पानावर चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत चार रकाने : वेळ, पाण्याची पातळी, दरवाजे, शेरा. एका दिवसाला एक पान. मला वाटलं होतं, माझ्यात कोणीतरी कविता लिहील. पण मी जाऊन पडले नदीवरच्या बंधाऱ्याच्या चौकीत. शहरातून वाहणारी नदी तिथे अडवलेली होती आणि पाणी सोडायला चार लोखंडी दरवाजे होते. मोटार चालू केली की दरवाजे कुरकुरत वर जात. वीज नसली की मोठं लोखंडी चाक हातांनी फिरवावं लागे.

दिवसपाळीला दोघं जण असत. एक दरवाजेवाले आणि दुसरा त्यांचा जोडीदार. नोंदी करायची पाळी दिवसाआड एकेकाची असे. दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक होता. जोडीदार मोठा गप्पिष्ट आणि त्याहून मोठा आळशी. संध्याकाळी घरी जाताना तो माझ्यात एका दमात सगळ्या तासांचे आकडे ओढायचा. आठ फूट, आठ फूट, आठ फूट. नदी जणू त्याच्या सोयीसाठी दिवसभर एका जागी उभी होती! मला त्याचा फार राग यायचा, पण वहीला तोंड कुठे असतं?

दरवाजेवाल्यांची गोष्ट वेगळी. तास झाला की ते पायऱ्या उतरून भिंतीवरची मोजपट्टी बघत, वर येत, पंच्याने हात कोरडे करत आणि मग लिहीत. आठ फूट चार इंच. आठ फूट साडेचार इंच. एकदा त्यांना ताप होता, तेव्हा जोडीदार म्हणाला, "अहो, टाका की अंदाजाने. नदी काय तपासायला येणार आहे?"

"बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही," ते एवढंच म्हणाले आणि भिंतीला धरत धरत खाली उतरले.

रोज दुपारी तीन वाजता त्यांची मुलगी किटली घेऊन यायची. नऊ वर्षांची, दोन वेण्या, तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिच्याच हातून माझ्यावर तो चहा सांडला. वडील ओरडले नाहीत. त्यांनी डाग टिपला आणि त्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलं, 'चहा सांडला.' जे झालं ते लिहायचं, असा त्यांचा खाक्या होता.

मग तो दिवस आला. सकाळपासून वरच्या डोंगरांत पाऊस कोसळत होता. जोडीदार रजेवर होता. दुपारी दोनला दरवाजेवाल्यांनी लिहिलं : 'नऊ फूट दहा इंच. एक दरवाजा उघडा, तीन बंद. वीज गेली. मोटार बंद. जोडीदार रजेवर.' पेन माझ्यात तसंच ठेवून ते धावत बाहेर गेले. त्यानंतर मला फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत होता. तीन वाजले, चार वाजले. चौकीत कोणी फिरकलं नाही. त्या दिवशी मुलगीही आली नाही. पाचला ते परत आले. दोन्ही तळहात सोलवटलेले, सदरा अंगाला चिकटलेला. त्यांनी मोजपट्टी बघून आलेला आकडा लिहिला : 'तेरा फूट एक इंच. चारही दरवाजे पूर्ण उघडे.' तीन आणि चारच्या ओळींवरून त्यांची नजर क्षणभर फिरली. पण त्या ओळी त्यांनी रिकाम्याच सोडल्या.

सहाला पाणी उतरू लागलं. पण तोवर बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी काठच्या आळीत शिरलं होतं. माणसं वाचली, संसार मात्र वाहून गेले. नुकसान झालं की लोकांना खापर फोडायला एक डोकं लागतं. चौकशीला एक साहेब आले. त्यांनी माझं तेवढं एकच पान उघडलं आणि दोन रिकाम्या ओळींभोवती लाल वर्तुळ काढलं.

"दोन तास काय करत होतात?"

"दरवाजे उघडत होतो, साहेब."

"मग नोंद कुठे आहे?"

उत्तराची वाटही न बघता साहेबांनीच लिहून टाकलं की कर्मचारी जेवून झोपला असावा. 'असावा' हा शब्द साहेबांच्या कागदातच राहिला. गावभर पसरलं ते एवढंच, की तो झोपला. दरवाजेवाल्यांची नोकरी गेली. लोक त्यांना 'झोपाळू' म्हणू लागले. ते बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी निघून गेले आणि म्हणे त्यानंतर त्यांनी त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. ज्या वहीत त्यांनी एक इंचही खोटा लिहिला नाही, तिनेच त्यांना बुडवलं.

पुढे माझी पानं संपली. नवी वही आली, मग तिच्याही पुढच्या आल्या. मी कपाटात गेले, कपाटातून माळ्यावर, माळ्यावरून पोत्यात. झुरळांनी माझा एक कोपरा खाल्ला. अखेर चौकीत नवी यंत्रं बसली आणि आम्हा सगळ्या वह्यांची रवानगी रद्दीच्या दुकानात झाली. तिथे एका शाळेतल्या इतिहासाच्या बाई काहीतरी शोधत आल्या होत्या. त्यांनी मला उघडलं, उभ्या उभ्या दहा पानं वाचली आणि छातीशी धरूनच दुकानातून बाहेर पडल्या.

बाईंची शिकवायची रीत जगावेगळी होती. त्या पुस्तक मिटून ठेवत आणि टेबलावर एखादी खरी जुनी वस्तू ठेवत. कधी कोणाचं पत्र, कधी जुना नकाशा, कधी दुकानाची पाटी. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहीत : हे कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कशासाठी लिहिलं? माझी पाळी आली तेव्हा एकोणपन्नास वर्षांनी मला कोरड्या हातांचा स्पर्श झाला. मुलांनी माझ्याभोवती कोंडाळं केलं. जोडीदाराचे 'आठ फूट, आठ फूट' बघून ती खो खो हसली. पोरांनी पाच मिनिटांत त्याला ओळखलं!

शाळेचं प्रदर्शन जवळ आलं होतं आणि विषय ठरला, 'आपल्या शहराचा महापूर'. शहराच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका होती. तिच्यात छापलं होतं की कर्मचारी झोपल्यामुळे आळी बुडाली. मुलांनी माझं ते पान काढलं, रिकाम्या ओळी बघितल्या आणि निकाल देऊन मोकळी झाली. वर्गातला सगळ्यांत वादपटू मुलगा, ज्याला सगळे 'वकील' म्हणत, त्याने मोठं चित्र काढलं. खुर्चीत एक माणूस घोरतोय, त्याच्या तोंडातून फुगे निघतायत आणि मागे पाणी चढतंय. चित्र झकास होतं, तेच वाईट होतं. सगळा वर्ग पोट धरून हसला.

शाळा सुटल्यावर घंटा देणाऱ्या मावशी वर्ग झाडायला आल्या. चित्रापाशी त्यांचा झाडू थांबला. मग त्या टेबलाकडे आल्या, पदराला हात पुसले आणि मला उघडलं. अक्षर बघताच त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पानं उलटत त्या चहाच्या डागापाशी पोचल्या, तेव्हा मी त्यांना ओळखलं. वेण्यांच्या जागी पांढरा अंबाडा होता, एवढंच. नवऱ्याच्या गावाहून परत येऊन त्या इथे कामाला लागल्या होत्या आणि आपण कोणाची मुलगी हे त्यांनी शाळेत कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी लाल वर्तुळावर बोट ठेवलं. "बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी पावसाला घाबरून मी आले नाही. चहा घेऊन आले असते, तर तुम्हाला जाग तरी आली असती."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की ही मुलगी एकोणपन्नास वर्षं काय उराशी घेऊन फिरते आहे. सगळ्या गावासारखं तिलाही वाटत होतं की वडील झोपले होते. वर तिने त्याचा दोष स्वतःच्या माथी मारून घेतला होता. ओरडून सांगावंसं वाटलं, 'अगं, नव्हते झोपले!' पण मी वही. माझ्यात जे लिहिलं आहे तेवढंच माझं बोलणं, आणि तेही कोणी वाचलं तर.

तेवढ्यात विसरलेली छत्री घ्यायला बाई परत आल्या. मावशींनी घाईने डोळे पुसले.

"बाई, हे चित्र लावायलाच हवं का?"

"का हो मावशी?"

"काही नाही. गेलेला माणूस काही उत्तर द्यायला येत नाही, म्हणून म्हटलं."

बाईंनी जास्त विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर चौथा प्रश्न लिहिला : आपल्याला हे कशावरून कळलं?

"पुस्तिकेत आहे ना," वकील म्हणाला.

"पुस्तिका लिहिणारा तिथे होता का?"

"नाही. पण वहीत दोन ओळी रिकाम्या आहेत, बाई. म्हणजे झोपलाच."

"वहीत 'झोपलो' असं लिहिलंय?"

वकिलाने वाकून ते पान पुन्हा वाचलं. बाई म्हणाल्या, "एकच पान वाचून निकाल द्यायचा नाही. सगळी वही वाचा. चार दिवस लागले तरी चालतील."

तीन दिवस मुलं मला आलटूनपालटून वाचत होती. अर्ध्यांना जांभया येत होत्या. तिसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला एक मुलगी ताडकन उठली. ही सदा सगळं मोजत असे, म्हणून तिचं नाव 'फूटपट्टी' पडलं होतं. तिने पुराच्या चार महिने आधीचं पान काढलं होतं.

"बाई, हे ऐका. 'मोटार नादुरुस्त. तीन नंबरचा दरवाजा हातचाकाने उघडला. माणसे दोन. वेळ पन्नास मिनिटे.'"

"बरं, मग?"

"पुराच्या दिवशीही मोटार बंद होती. दोनला तीन दरवाजे बंद होते आणि पाचला चारही उघडे. तीन दरवाजे गुणिले पन्नास मिनिटं म्हणजे अडीच तास. तेही दोन माणसं असतील तर! आणि त्या दिवशी ते एकटेच होते, जोडीदार रजेवर असं लिहिलंय. मग झोपले कधी?"

वर्गात एकच कालवा झाला. वकील काही सहजासहजी हार मानणारा नव्हता. "रस्त्यावरचं कोणी मदतीला आलं असेल!"

"आलं असेल, तरी अडीच तास गेलेच ना? दरवाजे काय आपोआप उघडले?"

"बरं, पण मग पाचला आल्यावर त्यांनी तीन आणि चारच्या ओळी का नाही भरल्या? अंदाजाने दोन आकडे टाकले असते, तर कोणाला कळलं असतं? मी तर..."

तो मध्येच थांबला. मला दिसलं, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. तो पुढे आला, त्याने जोडीदाराची 'आठ फूट, आठ फूट' ची पानं काढली, मग परत ते पुराचं पान काढलं.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांनी बघितलंच नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. खोटं लिहिलं असतं तर नोकरी वाचली असती."

बाई म्हणाल्या, "त्या तीन तासांतलं मिनिट न् मिनिट आपल्याला माहीत नाही. तेवढं छातीठोकपणे सांगू नका. पण त्या दुपारी तीन दरवाजे उघडले गेले आणि तिथे हजेरीवर एकच माणूस होता, एवढं आपण नक्की म्हणू शकतो."

शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती आणि घंटा झाली नव्हती. कोणीतरी म्हणालं, "मावशी घंटा विसरल्या!" सगळ्यांनी वळून बघितलं. मावशी दारातच उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या आत आल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ते माझे बाबा."

वकील भिंतीकडे धावला आणि त्याने चित्र ओढून काढलं. तो फाडणार, तोच मावशींनी त्याचा हात धरला.

"फाडू नकोस, बाळा. इतकी वर्षं लोकांनी असंच मानलं, मीही मानलं. तेही लोकांना दिसू दे. फक्त शेजारी ही वही ठेव आणि पुराच्या व हातचाकाच्या पानांत खुणा घाल."

मग त्या पहिल्या बाकावर बसल्या, मुलांच्या बाकावर, गुडघे आखडून. फूटपट्टी त्यांना बिलगली. मावशी तिच्याकडे बघत, पण जणू स्वतःशीच बोलल्या, "म्हणजे मी त्या दिवशी चहा घेऊन गेले असते, तर चौकीत बाबा सापडलेच नसते." आणि त्या रडता रडता हसल्या.

मित्रांनो, माझं प्रदर्शन झालं. आता मी शाळेच्या कपाटात कोरड्या कापडात असते आणि दर वर्षी नवा वर्ग मला वाचतो. माझं एकच मागणं आहे. आम्हा जुन्या कागदांना नुसतं जपून ठेवू नका, वाचा. आणि कोणाची एखादी रिकामी ओळ दिसली, तर लाल वर्तुळ काढण्याआधी चार पानं मागे उलटून बघा.

त्या दुपारी चौकीत कोणी झोपलं नव्हतं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आता त्यांच्या मुलीलाही माहीत आहे.