सही आधी, नोंद नंतर

मी एक जुनी, काळ्या पुठ्ठ्याची नोंदवही आहे. कुचारोस गावच्या शाळेत, चौथी-पाचवीच्या वर्गातल्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर मी पडून असते. माझ्या पाठीचं लाल कापड उंदरांनी कुरतडलं आहे आणि दमट हवेने कोपरे फुगले आहेत. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. माझ्या पोटात अजून अकरा सह्या कोऱ्या जागेखाली वाट बघत बसल्या आहेत. कुणीही पेन उघडून त्यांच्यावर काहीही लिहिलं, तरी ते खरं ठरेल. म्हणून मी सांगते ते जरा जवळ येऊन ऐका.

माझा जन्म खालच्या मोठ्या गावातल्या छापखान्यात झाला. माझ्या प्रत्येक पानावर पाच चौकटी छापल्या. चौकटीत वर तारीख, मध्ये 'काय घडले' यासाठी चार ओळी, त्याखाली छापील अक्षरांत 'पालकांना कळवले', आणि सगळ्यात शेवटी सहीची रेघ. मुलामागे दोन पानं, म्हणजे दहा चौकटी. छापणाऱ्याने शाई वाळायच्या आत मला मिटलं, त्यामुळे 'कळवले' हा शब्द समोरच्या पानावरही पुसट उमटला आहे. एकदा छापलेलं किती ठिकाणी उमटतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी शाळेत आले. बाई होत्या नुबिया कासायास. मुलं आणि पालक सगळेच त्यांना 'प्रोफे' म्हणत. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. त्यांनी भिंतीवर वर्गाचे अकरा नियम लावले होते. बोट वर केल्याशिवाय बोलायचं नाही. बूट काळेच हवेत. च्युइंगम बाकाखाली चिकटवायचं नाही. नववा नियम लाल शाईत होता: फाटक सातला बंद. तीनदा उशीर झाला तर पालकांनी शाळेत यायचं. पाचदा झाला तर पुढच्या वर्षीची जागा धोक्यात.

हे सगळं एका अठ्ठेचाळीस पानी पुस्तिकेतही छापलेलं होतं, आणि ती नाव घालताना प्रत्येक पालकाला मिळाली होती. त्या पुस्तिकांचं काय झालं, याचा हिशोब माझ्याकडे आहे. एकीत चीज बांधलं गेलं. दोन चुलीत गेल्या. एक तेओफिलो बाकेरोच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली गेली आणि टेबल डगमगायचं थांबलं. सव्वीस पुस्तिकांपैकी वाचली गेली ती एकच, आणि तीही छापखान्यात चुका तपासताना.

आता सह्यांचं सांगते. माझ्या आधीच्या वहीत बाई रीतसर चालल्या होत्या. काही घडलं की पालकाला निरोप, पालकाने यायचं, वाचायचं, सही करायची. पण कुचारोसची घरं डोंगरभर विखुरलेली. एक बाप मुलाच्या च्युइंगमपायी अडीच तास चालत आला, सही करून अडीच तास चालत गेला, आणि तोवर त्याचं त्या दिवसाचं दूध नासलं. त्याने बाईंना शिव्या दिल्या नाहीत. नुसतं टोपी काढून विचारलं, "प्रोफे, हे च्युइंगम मी तिथूनच गिळलं असतं तर चाललं नसतं का?" बाईंना ते लागलं. दुसरीकडे शिक्षण कचेरीचा पर्यवेक्षक दर तीन महिन्यांनी यायचा आणि सहीवाचून राहिलेल्या प्रत्येक चौकटीवर लाल गोल काढून जायचा.

मग त्या जानेवारीत बाईंनी तोड काढली. नाव घालायच्या रांगेतच प्रत्येक पालकाच्या दहाच्या दहा सह्या घेऊन टाकल्या. वर्षभर कुणाला डोंगर उतरायला नको.

लोक केवढे खूश झाले! सेल्मिरा नावाची जाडजूड बाई दहा सह्या करताना म्हणाली, "प्रोफे, मी लग्नात एकच सही केली होती आणि अजून भोगतेय. आज दहा करतेय. सांभाळून घ्या." सगळी रांग हसली. कुणी झरझर सही केली, कुणी जीभ बाहेर काढून नाव चितारलं. तेओफिलोने पेन इतकं दाबलं की त्याच्या दहा सह्यांचे वळ पुढच्या तीन मुलांच्या पानांवर उमटले. तो मुळातच कमी बोलणारा. बायको आदल्या वर्षी शहरात घरकामाला गेली होती, तेव्हापासून आणखी कमी. त्याने सह्या केल्या, टोपी घातली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. ती मुलगी म्हणजे मार्लेनी. वय दहा, चौथी, पानं एकेचाळीस आणि बेचाळीस.

पर्यवेक्षक आला, माझी पानं उलटली आणि म्हणाला की विभागात एवढी चोख वही दुसरी नाही. मला अभिमान वाटला. मित्रांनो, तो अभिमान मला अजून टोचतो.

मार्लेनीचं घर दरीपलीकडे होतं. पुलावरून यायचं तर अडीच-तीन तासांचा फेरा, म्हणून दरीवर जाड तार टाकलेली होती आणि तिच्यावर चाकाला लोंबणारी लाकडी पेटी. तिला गारुचा म्हणत. माणसं, कोंबड्या, दुधाचे कॅन, सगळं त्यातूनच यायचं. घरांच्या बाजूने पेटी उताराने आपोआप घसरायची आणि एका लाकडी बेचक्याने तार दाबून तिचा वेग धरायचा. परत ओढायला दोर होता. चालवणारा आबेलिनो म्हातारा होता, पण एका गोष्टीत पक्का. पोराला एकट्याने पेटीत बसू द्यायचा नाही.

एप्रिलमध्ये दुधाची गाडी अर्धा तास लवकर येऊ लागली. गाडी चुकली तर दूध घरी परत, म्हणून आबेलिनो आधी कॅन सोडायचा आणि मग मार्लेनीला घेऊन स्वतः यायचा. ती अलीकडे पोचून चढ चढेपर्यंत सात वाजून दहा मिनिटं झालेली असायची. फाटकाला कुलूप. आठ वाजता ते उघडलं की ती आत यायची, आणि बाई माझ्या एकेचाळिसाव्या पानावर लिहायच्या: उशीर. खाली छापलेलंच होतं, पालकांना कळवले. त्याखाली तेओफिलोची दाबून केलेली सही.

दुसऱ्या खेपेला मार्लेनीने टेबलापाशी येऊन हळूच विचारलं, "प्रोफे, बाबांना कळलं का?"

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सही आहे ना त्यांची? मग कळलंच की."

मुलीने वाकून बघितलं. सही बाबांचीच होती. त्या दिवशी ती घरी गेली आणि बाबा काय बोलतात याची वाट बघत बसली. हे मला पुष्कळ नंतर, चौकशीच्या दिवशी, तिच्याच तोंडून कळलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी मक्याची भाकर भाजली, गुळाचं गरम पाणी ओतलं, गाईच्या खुराबद्दल दोन शब्द बोलले आणि झोपले. तिसऱ्या नोंदीनंतरही तेच. नियमाने तिसऱ्याला पालकांनी यायला हवं होतं. पण सही असताना माणसाला कशाला बोलवायचं, असं बाईंना वाटलं. आणि बाबा आले नाहीत याचा मुलीने वेगळाच अर्थ लावला. बाबांना सगळं माहीत आहे. ते इतके रागावलेत की विषयच काढत नाहीत. त्या टेबलाखाली, आखूड पायाखाली, नववा नियम दबलेला होता आणि टेबलावर बापलेक गप्प जेवत होते.

चौथी नोंद झाली तेव्हा बाईंनी वर्गाला ताकीद म्हणून सांगितलं, "आणखी एक उशीर आणि पुढच्या जानेवारीत या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल." कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, वर्गातली सगळी डोकी एकाच बाजूला वळली होती. पान एकेचाळीसवर एकच चौकट उरली होती. खाली सही तयार. मला ती चौकट दिवसरात्र जाणवायची, दुखऱ्या दाताशेजारच्या पोकळीसारखी.

जूनमधला एक मंगळवार. दरीतून धुकं इतकं वर आलं होतं की खिडकीतून फाटक दिसत नव्हतं. सातला कुलूप लागलं. मार्लेनी आली नाही. आठला फाटक उघडलं, पुन्हा लागलं, तरी आली नाही. बाईंनी मला उघडलं. पेन क्षणभर कागदावर थांबलं, एवढं मला आठवतं. मग लिहिलं: गैरहजर. पाचवी नोंद.

नऊच्या सुमाराला तेओफिलो बंद फाटकावरून चढून आला आणि वर्गाच्या दारात उभा राहिला. गाईसाठी औषध आणायला तो पहाटेच खेचर घेऊन पुलाच्या रस्त्याने निघाला होता. हातात फडक्यात बांधलेली भाकर होती. "मिहा डबा विसरली," तो म्हणाला. मुलीला तो मिहाच म्हणायचा. "आज फार लवकर पळाली. मी उठलो तेव्हा घरात नव्हती."

बाईंना वाटलं, हा उशिराबद्दल बोलायला आला आहे. त्यांनी मला त्याच्यासमोर फिरवलं. "सेन्योर बाकेरो, तुम्हाला पाच वेळा कळवलंय. आता माझ्या हातात काही नाही."

त्याने एकेक ओळ बोटाने वाचली. पाचव्या चौकटीत शाई अजून ओली होती. त्याच्या बोटाला ती लागली, पण खालच्या सहीची शाई पाच महिन्यांची जुनी होती.

"म्हणजे मला सगळं माहीत होतं," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या शाई लागलेल्या बोटाकडे बघितलं.

"मार्लेनी कुठेय, प्रोफे?"

"गैरहजर आहे."

"ती घरी नाहीये."

दोघांनी एकदमच खिडकीकडे बघितलं. तिथे नुसतं धुकं होतं. मग बाई किल्लीकडे धावल्या. फाटक बंद होतं, आपल्याच नियमाने बंद होतं, आणि घाईघाईत त्यांची किल्ली कुलपात जाईना. तेओफिलो आला तसाच फाटकावरून चढून गेला. भाकर माझ्यावर राहिली. तिची ऊब बराच वेळ पानांमधून आत येत होती.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. मार्लेनी साडेपाचला, आबेलिनो यायच्या आधी, एकटीच पेटीत बसली होती. उतारावर बेचकं तिच्या हातून सुटलं, पेटी हेलकावली, दोर चाकात अडकला आणि दोरासोबत तिचा उजवा हात. दरीच्या मधोमध ती धुक्यात लोंबत राहिली. पलीकडे आबेलिनो रिकामीच पेटी अडकली आहे असं समजून दोर ओढत आणि शिव्या देत होता. तो ओढायचा तेव्हा तिचा हात आणखी आवळायचा. खाली नदीचा आवाज एवढा की ती ओरडली तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. चार तास. गावातल्या बारा जणांनी अलीकडून पेटी ओढून घेतली. मुलगी जिवंत होती. उजव्या हाताची दोन बोटं वाचली नाहीत.

बापाने तिला उचललं तेव्हा ती पहिलं वाक्य काय बोलली, ते कुचारोसमध्ये आजही कुणी मोठ्याने सांगत नाही. ती म्हणाली, "बाबा, प्रोफेला सांगा, आज मी लवकर निघाले होते."

चौकशी झाली. पर्यवेक्षकाने मला मधोमध ठेवलं, पानं उलटली, तारखा आणि सह्या जुळवल्या, आणि कागदोपत्री काही दोष नाही असं लिहून गेला. खरंच नव्हता. एकाही चौकटीवर लाल गोल काढायला जागा नव्हती.

त्या संध्याकाळी बाई एकट्याच वर्गात बसल्या. त्यांनी पाचव्या नोंदीच्या खाली, समासात, लिहिलं: 'कळवले हे खोटे आहे. पाचही वेळा कळवले नव्हते.' आणि स्वतःची सही केली. माझ्या सगळ्या पानांत मजकुरानंतर आलेली सही तेवढी एकच. पुढच्या जानेवारीत त्या कुचारोसमध्ये नव्हत्या.

तेओफिलो एकदा परत आला. त्याने माझं बेचाळिसावं पान उघडलं आणि आपल्या उरलेल्या पाच कोऱ्या सह्यांवर एकेक करून काट मारली, तितक्याच जोराने. मार्लेनी शेजारी उभी होती, डाव्या हाताने पान धरून. मग बाकीचेही आले. सेल्मिराने सही खोडताना डोळे पुसले. पण सगळे आले नाहीत. कुणी स्थलांतर केलं, कुणाला वेळ नव्हता, कुणाला वाटलं की आपल्या मुलाचं काय असं होणार आहे. त्यांच्याच त्या अकरा.

मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता. तुमच्याबद्दल कुठे काही लिहिलं गेलं, तर ते घरी तुम्ही स्वतः सांगा, भीती वाटली तरी सांगा. घरातलं माणूस गप्प आहे म्हणजे त्याला माहीत आहे, असं धरून चालू नका. आणि तुमच्या आईबाबांना सांगा की कोऱ्या जागेखाली नाव लिहू नका, कुणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी. मला जपू नका, उंदरांना खाऊ द्या. पण त्या अकरा सह्या ज्यांच्या आहेत त्यांच्यापैकी कुणी भेटलं, तर त्यांना कपाटाकडे पाठवा.

लवकर पाठवा. आज पुन्हा जानेवारीतली नाव घालायची रांग लागली आहे. नवे गुरुजी तरुण आहेत, भिडस्त आहेत. टेबलावर नवी वही आहे, तिची पाठ अजून लालभडक. कपाटाच्या फटीतून मला दिसत काही नाही, पण ऐकू येतं. आता नंबर सेल्मिराचा आहे, धाकट्या मुलासाठी. एक सही करून ती दमल्यासारखी थांबली आहे, आणि चांगल्या मनानेच म्हणते आहे, "प्रोफे, एवढ्या लांबून पुन्हा कोण येणार? सगळ्या आत्ताच करून टाकू का?"

गुरुजींनी अजून उत्तर दिलेलं नाही. पान उलटल्याचा आवाज आला आहे.