उजवा रकाना

किंमत न विचारणं ही संस्कृतीची शेवटची पायरी आहे. माणूस आधी आग पेटवायला शिकला, मग शिजवायला, मग चारचौघांत बसून जेवायला, आणि पुष्कळ शतकांनी, उद्याच्या जेवणाची खात्री झाल्यावर, आजच्या जेवणाचे किती झाले हे न विचारायला. हा विचार ज्या सल्लागाराने मांडला, त्याचं त्या दिवशीचं जेवण हॉटेलकडून होतं.

हा विचार मुळात खिळेमास्तरांच्या छापखान्यात जन्माला आला, हे मात्र सल्लागाराने कुठे सांगितलं नाही. तिथे तो चुकून जन्मला होता.

खिळेमास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नव्हतं. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक करून जुळवणारा त्या भागातला शेवटचा माणूस म्हणून लोकांनी त्यांना मास्तर केलं होतं. हॉटेलांच्या रस्त्यामागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, मागच्या खोलीत कागदाचे गठ्ठे. पत्रिका गेल्या, पावतीपुस्तकं गेली, व्हिजिटिंग कार्डं गेली. जे जे कॉम्प्युटरला जमलं ते ते कॉम्प्युटरने नेलं. मास्तरांकडे उरला होता फक्त मेनूकार्डाचा उजवा रकाना.

त्याचं असं होतं. हॉटेलांची मेनूकार्डं मोठ्या प्रेसमधून सोनेरी शाईत हजारोंनी छापून येत, पण त्यांवर नुसती पदार्थांची नावं असत. उजवी बाजू कोरी. पदार्थ वर्षानुवर्षं तेच राहतात. भाव मात्र वाढत्या वयाच्या पोरासारखे दर तीन महिन्यांनी कपड्यांबाहेर येतात. म्हणून कोरी कार्डं मास्तरांकडे ठेवलेली असत. भाव वाढले की हॉटेलवाला जुन्या कार्डावर पेन्सिलीने नवे आकडे लिहून आणायचा आणि मास्तर दोनशे कार्डांवर तेवढा रकाना छापून द्यायचे. रस्त्यावर सात हॉटेलं. एकाने भाव वाढवले की बाकीच्या सहांना स्वस्त असल्याची लाज वाटायची. महागाईवर ज्यांची चूल पेटते अशा मोजक्या लोकांत मास्तर होते, आणि त्याचा त्यांना संकोच वाटे. फार नाही.

सगळे भाव नवावर संपायचे. त्यामुळे नवाचे खिळे झिजून झिजून बोथट झाले होते. कोपऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचं नूतनीकरण झालं, तेव्हा मास्तरांनी त्या कामासाठी एका म्हाताऱ्या ओताऱ्याकडून दोन किलो नवे नऊ ओतून आणले. बायको म्हणाली, "लोक सोनं घेतात." मास्तर म्हणाले, नऊ रोज लागतात, सोनं कधीतरी.

छापखान्याचा एक नियम होता. छापलेल्या गठ्ठ्याला दोन गाठी, कोऱ्याला एक. तीस वर्षांत तो चुकला नव्हता. मशीनवर मास्तरांचा मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. हात चांगला, पण गाठी ढिल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मास्तरांनी त्याला यावरून अर्धा तास झापलं. मेहुण्याने ते मनावर घेतलं, आणि मास्तर अंघोळीला गेलेले असताना खोलीतल्या झाडून सगळ्या गठ्ठ्यांना दोन-दोन गाठी मारल्या. शिस्त लावण्याचा मास्तरांचा हा पहिलाच यशस्वी प्रयत्न होता.

दुपारी मास्तर स्वतः गठ्ठा घेऊन हॉटेलात पोचवून आले. उद्घाटनाच्या गडबडीत तिथे कुणी गठ्ठा नीट पाहिला नाही. सोडला, कार्डं चामडी फोल्डरांत सरकवली आणि टेबलांवर मांडली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मागच्या खोलीतला एक गठ्ठा सहज उघडला. आत दोनशे कार्डं होती आणि प्रत्येकावर उजवीकडे नव्या नवांची देखणी रांग होती.

मास्तर चपला उलट्या घालूनच धावले. आता मालक फाडून खाणार, तीस वर्षांचं काम हातचं जाणार, असं वाटेभर त्यांच्या डोक्यात घोळत होतं. त्यातलं निम्मं खरं ठरलं.

मालक गल्ल्यावर होते आणि चेहऱ्यावर लग्नघरातलं हसू होतं. त्यांनी मास्तरांना बसवलं, कॉफी मागवली आणि कालचा प्रकार सांगितला. लक्षात आलं तेव्हा पहिली पंगत बसलेली होती, काही करता येण्यासारखं नव्हतं. चाळीस टेबलांपैकी चौघांनी भाव विचारले. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निमूट ऑर्डर दिली. जावई सासऱ्यासमोर विचारेना, साहेब हाताखालच्यांसमोर विचारेना, आणि मुलगी पाहायला आलेले तर मुलीच्या बापाच्या तोंडाकडे बघत सगळ्यात लांब नावाचे पदार्थ मागवत राहिले. गल्ला नेहमीच्या दीडपट झाला होता.

"मास्तर," मालक म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं लोकांना भाव सांगून त्यांचं जेवण नासवत होतो."

मास्तरांनी काखेतला गठ्ठा पुढे केला. मालकांनी तो प्रेमाने परत केला. छपाईचे पैसे पूर्ण दिले आणि कार्डं आठवण म्हणून ठेवा म्हणाले.

मग सल्लागार आला. त्याने अपघाताचं धोरण केलं. वेबसाइटवरचे भाव काढले आणि त्या जागी वाफेचा फोटो टाकला. कोशिंबिरीला 'मळ्यातली सकाळ' असं नाव दिलं, कारण कोशिंबिरीचा भाव लोकांना साधारण माहीत असतो, सकाळीचा नसतो. वेटरांना त्याने एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली: भाव विचारणाऱ्याला उत्तर जरूर द्यायचं, हसून द्यायचं, पण शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात द्यायचं.

समोरच्या हॉटेलाने दोन महिन्यांत तेच केलं. मग शेजारच्याने. मास्तरांकडे ठेवलेली कोरी कार्डं माणसं येऊन घेऊन जाऊ लागली. ती आहेत तशीच चालत होती. सहा महिन्यांत भाव दोनदा वाढले म्हणे. मास्तरांना ते बाहेरून कळलं. रस्त्यावर भाव वाढावेत आणि आपल्याला पत्ता नसावा, हे त्यांच्या घराण्यात प्रथमच होत होतं.

नवरा-बायकोने बसून ठरवलं की महिनाअखेरपर्यंत वाट पाहायची. एक जरी हॉटेल परत आलं तर मशीन ठेवायचं, नाहीतर विकायचं. मेहुण्याने आपली सोय आधीच पाहिली होती. एका गोदामात पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावायची नोकरी. गाठी मारायच्या नाहीत, हे त्याने मुद्दाम सांगितलं.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचे मालक रस्त्यात भेटले. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "एकदा वहिनींना घेऊन जेवायला याच. माझा आग्रह आहे."

घरी या आग्रहाची छाननी झाली.

"आग्रह म्हणजे फुकट का, भावजी?" मेहुण्याने विचारलं.

"असं विचारायचं नसतं."

"मग त्यांचा धंदा चालणारच."

मास्तरांना जेवणात रस नव्हता. त्यांना मालक निवांत सापडायला हवे होते. समोरासमोर एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्यांनी आठवडाभर घोटलं होतं: निदान दुपारच्या कार्डावर तरी भाव ठेवा. दुपारी गिऱ्हाईक कचेऱ्यांतलं, घाईचं, त्याला भाव दिसलेले बरे वाटतात. कार्ड छोटं, खर्च नाममात्र. वाक्यात कुठेही स्वतःचं नाव येणार नाही याची त्यांनी काळजी घेतली होती.

रविवारी दुपारी तिघं गेले. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. तिला मेनूकार्ड उजवीकडून वाचायची सवय होती: आधी आकडे पाहायचे, त्यातला सोसेल असा निवडायचा, मग डावीकडे जाऊन तो काय आहे ते बघायचं. तिने फोल्डर उघडला, डोळे उजवीकडे नेले आणि अंधारात जिन्याची शेवटची पायरी नसावी तशी ती दचकली. मास्तरांनी मान खाली घातली. तो रकाना त्यांचा होता.

"विचारा की," ती पुटपुटली.

मास्तर विचारणारही होते. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने विचारलं. बायको, दोन मुली आणि म्हातारी आई असा त्याचा संसार होता. वेटरने हसून, स्पष्ट आवाजात, माशाचा भाव सांगितला. आजूबाजूचे चमचे क्षणभर थांबले. गृहस्थ म्हणाला, तशी फारशी भूक नाहीच आम्हाला. थोरल्या मुलीने कार्ड मिटून आजीच्या हातातलंही काढून घेतलं.

मग वेटर मास्तरांकडे वळला. मास्तरांनी मासा मागवला. भाव त्यांनी आत्ताच ऐकला होता, तरीही मागवला, किंवा ऐकला होता म्हणूनच. मेहुण्याने कोंबडी, मशरूम आणि 'मळ्यातली सकाळ' सांगितली. बायको म्हणाली, मला नुसतं सूप.

माशाला चव होती की नाही हे मास्तरांना सांगता आलं नसतं. ते दाराकडे बघत वाक्य चघळत होते. शेवटी मालक आले, पण एकटे नव्हते. बरोबर समोरच्या आणि शेजारच्या हॉटेलांचे मालक होते आणि मागे सल्लागार.

"हेच ते मास्तर," मालक म्हणाले. तिघांनी उभ्या उभ्या मास्तरांशी हात मिळवले. समोरचा मालक म्हणाला, तुमचे उपकार आहेत. शेजारचा म्हणाला, सातही हॉटेलं आता एका मार्गाला लागली, कालच सातव्यानेही भाव काढले. सल्लागाराने संस्कृतीच्या पायऱ्यांचा विचार मांडला तो इथेच. मास्तर ओठ पुसून उठून उभे राहिले. असं चौघं मान देऊन आपल्यापुढे उभे असलेले त्यांनी तीस वर्षांत पाहिले नव्हते. बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला.

"मालक…" मास्तर म्हणाले.

"बोला ना. संकोच कसला?"

चौघांचे कान टवकारलेले होते. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थही पाण्याचा घोट घेत इकडेच बघत होता.

"मासा उत्तम आहे," मास्तर म्हणाले.

मालकांना धन्य वाटलं. त्यांनी वेटरला तिथल्या तिथे सांगितलं की मास्तरांच्या टेबलाला आइस्क्रीम आपल्याकडून. मंडळी आतल्या खोलीत गेली. बायको सूपच्या रिकाम्या वाटीकडे बघत होती. घरी बोलायला काहीतरी शिल्लक ठेवायचं तिचं धोरण होतं.

आइस्क्रीम संपल्यावर वेटरने चामडी फोल्डर आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. मास्तरांनी हात मांडीवरच ठेवले. चुकून ठेवला असेल, आत आभाराची चिठ्ठी असेल, अशी वाट पाहत पाच मिनिटं गेली. वेटर तीन हात अंतरावर उभा राहून भिंतीकडे बघत होता.

"भावजी," मेहुणा म्हणाला, "आग्रह आलाय."

बिल छोट्या मशीनने गुळगुळीत कागदावर काढलेलं होतं. छपाई फिकी, आकडे एका रेषेत नाहीत, रकान्याला समास नाही. माशापुढे जो भाव होता तोच वेटरने सांगितला होता, खोटं काही नव्हतं. आइस्क्रीमपुढे नुसती तीन शून्यं मांडली होती. एकूण आकडा नवावर संपत होता. एवढं मिळवायला मास्तरांना चार हॉटेलांचे रकाने छापावे लागले असते. बायकोने पर्स उघडली आणि महिन्याच्या किराण्याचे पैसे काढून फोल्डरमध्ये ठेवले.

बाहेर पडून तिघं चौकापर्यंत आले.

"एक वाक्य होतं," बायको म्हणाली. "बोलला असतात तर काय झालं असतं?"

"ते नाही म्हणाले असते."

"मग?"

"चारचौघांत म्हणाले असते."



महिनाअखेरीला मशीन विकत घ्यायला कुणी छापखानेवाला उरला नव्हता, म्हणून हातगाड्या करून सगळं भंगाराच्या दुकानात नेलं. दुकानाच्या दारातच पाटी होती. डावीकडे लोखंड, पत्रा, शिसं, पुठ्ठा, रद्दी अशी नावं आणि उजवीकडे प्रत्येकापुढे खडूने लिहिलेला भाव. अक्षर गिचमिड होतं, पण रकाना सरळ होता. मास्तर बराच वेळ ती पाटी वाचत उभे राहिले.

मशीन लोखंडात गेलं. खिळे शिशात गेले. नवे नऊ जुन्यांतच ओतले गेले, कारण तोलणाऱ्याला त्यांत फरक दिसेना. शेवटी आठवणीचा गठ्ठा उरला. त्याच्या दोन गाठी सुटेनात, तेव्हा भंगारवाल्याने कात्रीने दोरी कापली, एक कार्ड उन्हात तिरपं धरून पाहिलं आणि बाकीची काट्यावर टाकली.

कार्डं साडेसहा किलो भरली. सोनेरी शाईचा कागद लगद्याला चालत नाही म्हणून त्यांना रद्दीचा अर्धा भाव मिळाला.