माझ्या शेंबडाची साक्ष

गुलाबी पाणी. डिझेलचा भपका. एक शिंक. सदतीस अंशांची ऊब. पुस्तकांवर बसलेली काजळी. वहीतली टिक.

मित्रांनो, या तुकड्यांतच माझं सगळं आयुष्य आहे. मी श्वसनमार्गाची एक म्हातारी ऊती आहे. वय चार महिने. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत योगिनीने मला वाढवलं. भामामावशीच्या नाकात छोटा ब्रश फिरवून तिने पेशी घेतल्या. मावशी शिंकली आणि हसली. "हौ, घे की! नाकातलंच तर आहे, नक्को कशाला म्हणू?"

मावशी शहरातल्या कोठी भागात फुटपाथवर जुनी पुस्तकं विकते. शेजारच्या दवाखान्याने जनरेटर तिच्या अगदी अंगाशी आणून ठेवला. तेव्हापासून तिला खोकला. तिने महापालिकेकडे तक्रार केली आणि धुराची तपासणी आमच्या प्रयोगशाळेकडे आली. जनरेटर हलवायचा की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं.

मी आणि माझ्या अकरा बहिणी बारीक भोकांच्या पडद्यावर वाढलो. खालून गुलाबी खाद्य, वरून हवा. अंगावर केसांहून बारीक तंतू आले आणि डोलू लागले. योगिनी सूक्ष्मदर्शकातून बघत म्हणाली, "वा गं माझ्या पोरींनो!" त्या एका शाबासकीवर मी किती दिवस काढले!

आम्ही शेंबूड बनवतो. हसू नका, तो धूळ अडवतो. नाकात तो पुढे सरकतो, पण आमच्या बशीतून कुठे जाणार? साचत राहतो. म्हणून तो दर आठवड्याला धुवायचा असतो, आणि धूर देण्याआधी तर धुवायचाच. त्या महिन्यात योगिनी परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीत गुंतली होती. खाद्य बदललं, धुणं राहिलं. वहीत टिक मात्र होत गेली.

मग आमच्यावर जनरेटरचा धूर सोडला. सगळी काजळी त्या जाड थरात अडकली. योगिनीने थर उचलून पाहिला. खाली आम्ही धडधाकट! तिचा हात थबकला. न धुतलेल्या थरानेच आम्हाला वाचवलं, हे तिला कळलं होतं.

"शेंबूड धुतला होतास ना?" प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सौरभसरांनी विचारलं.

"हो सर. वहीत आहे."

मला तोंड नाही, मित्रांनो. नाहीतर मी ओरडले असते.

मावशी स्वतः विचारायला आली. "काय म्हणली गं माझी नाकातली पोर?"

"धुराने काही होत नाही, मावशी. खोकला दुसऱ्या कशाचा असेल."

"असं? मग माझंच कायतरी बिघडलंय."

ती खोकत खोकत जिना उतरली. जनरेटर अजून तिथेच आहे.

ज्या थराने मला वाचवलं, तोच तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. मित्रांनो, आम्हाला वेळेवर धुवा. राहून गेलं, तर राहिलं असं लिहा. नव्या बहिणी वाढवायला महिना-दीड महिना लागला असता, एवढंच.

बारावीपर्यंतची सगळी पुस्तकं योगिनीने भामामावशीकडूनच नेली होती.